तडवळकर मास्तरांचा पिवळा रंग

तडवळकर मास्तर कुणालाही भेटले की नमस्कार करण्याआधी त्याचा दंड धरून त्याला उजेडात नेत आणि अंगठ्यानं त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आत बघत. मग "हं, ठीक" म्हणून नमस्कार करत. शाळेच्या शिपायापासून संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना हाच नियम. नवा माणूस घाबरायचा. जुनी माणसं मात्र मास्तर समोरून येताना दिसले की आपणहून उन्हाच्या बाजूला सरकून उभी राहायची. तेवढीच ओढाताण वाचे.

मास्तर डॉक्टर नव्हते, वैद्यही नव्हते. सोलापूरच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवत आणि मी भूगोल. तीस सालानंतरची, गिरणीच्या भोंग्यावर घड्याळं लावायची तेव्हाची ही गोष्ट. मास्तर मूळचे मैंदर्गीकडचे. घरची भाषा कानडी, मुंबईला जाऊन चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या. मराठी चांगलं बोलत, पण घाईत असले की चहा 'आलं' आणि खुर्ची 'मोडलं' होई. साखर पेठेत विणकरांच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन एकटेच राहत. बायको फार पूर्वी वारली होती, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्याहून अधिक कुणी विचारलं नव्हतं.

त्यांची नजर विलक्षण होती. तुम्हाआम्हाला जो पिवळा दिसतो त्यात मास्तरांना बारा-पंधरा पिवळे दिसत. पेवडी, हरताळ, हळद, लिंबाची साल, जुन्या हस्तिदंताचा पिवळा, असे ते एकेक वेगळे करून सांगत. माणसाच्या डोळ्याचं पांढरं हे त्यांच्या मते जगातलं सर्वांत अवघड पांढरं होतं. "ते चुन्यासारखं पांढरं नसतं, पाठक," ते मला सांगत. "त्यात थोडं निळं असतं. ते निळं गेलं की समजायचं, आत काहीतरी बिघडलंय."

हे त्यांचं वेड सगळ्या गावाला कळलं ते हेडमास्तरांच्या तसबिरीमुळं. संस्थेच्या महोत्सवासाठी मास्तरांना हेडमास्तरांचं तैलचित्र काढायला सांगितलं होतं. चित्र झालं. पगडी, उपरणं, हातातलं पुस्तक, सगळं हुबेहूब. फक्त डोळे पिवळसर. कमिटीच्या लोकांनी चित्रापुढं उभं राहून बराच वेळ घसे खाकरले. शेवटी एकजण म्हणाले, "मास्तर, डोळे तेवढे पांढरे करा."

"सरांचे झाले की करतो," मास्तर म्हणाले.

पुष्कळ समजावलं, मास्तर ऐकेनात. अखेर चित्राला हार असा घातला की तो डोळ्यांवर यावा, आणि महोत्सव उरकला. हेडमास्तरांनी पुढं दोन महिने मास्तरांशी बोलणं टाकलं. मग एका श्राद्धाचं जेवण जेवून आल्यावर त्यांच्या उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की ते वर्गातच टेबलाला मिठी मारून बसले. पित्ताच्या पिशवीत खडा होता. पिशवीतून नळीत सरकून तो कधीचा पित्ताची वाट अडवून बसला होता. तुपकट जेवणानंतर पोट फुगतं, ढेकर येतात, त्याला ते वर्षभर वायू म्हणत होते आणि ओवा खात होते. मिरजेला नेऊन खडा काढला. परत आले तेव्हा खिशात बाटली आणि बाटलीत बोराच्या आठोळीएवढा खडा. शाळा तपासायला येणाऱ्या प्रत्येक साहेबाला ते आधी तो दाखवत, मग हजेरीपट.

हेडमास्तर शाळेत परतले त्या दिवशी मास्तर त्यांना दारातच उजेडात घेऊन गेले. पापणी ओढली. म्हणाले, "हं, ठीक." त्याच दिवशी शिडी लावून त्यांनी तसबिरीचे डोळे पांढरे केले.

तेव्हापासून लोक मास्तरांकडं आपणहून येऊ लागले. आमचा शिपाई तुकाराम एकदा आला. "मास्तर, माजं डोळं बगा की. दोन दिस झालं भूक न्हाय. पिवळं हाय का?"

मास्तरांनी बघितलं. "पिवळं नाही. तांबडं आहे. संध्याकाळी काय घेता?"

"काय घेत न्हाय जी."

"तुम्हाला नाही विचारलं. डोळ्याला विचारलं."

तुकाराम पुढं आठवडाभर मास्तरांना सावलीतच भेटत होता.

मास्तरांच्या गल्लीत कावीळ उतरवणारा एकजण होता. तो रोग्याच्या हाताला कसलासा रस चोळायचा आणि चुन्याच्या निवळीत हात धुवायचा. पाणी पिवळंजर्द व्हायचं. लोक म्हणायचे, कावीळ उतरली. मास्तर एके दिवशी त्याच्यापुढं जाऊन बसले आणि आपले हात पुढं केले. पाणी तसंच पिवळं झालं. मास्तरांनी त्यात बोट बुडवून उन्हात धरलं. "रंग सुरेख आहे," ते त्याला म्हणाले, "पण हा तुमच्या सालीचा. माणसाचा पिवळा वेगळा असतो. साल कुठली, सांगा. मला कागद रंगवायला पाहिजे." त्या माणसानं साल सांगितली नाही, पण पुढं दोघांची दोस्ती झाली.

हे सगळं मी मजेनं बघत होतो. माझी पाळी येईपर्यंत.

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला होता. चार दिवस अंगात कसर होती. अन्नावरची वासना उडाली. उडाली म्हणजे काय, तर इंदूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, स्वयंपाकघरात फोडणी टाकली की मी ओसरीवरून उठून रस्त्यावर जाऊन उभा राही. चहाचा वास सहन होईना. जिना चढताना पाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे वाटत. लघवी गडद होत होती ते मी बघितलं होतं, पण सोलापूरच्या उन्हात ती कुणाची होत नाही, असं म्हणून सोडून दिलं. आपल्या शरीराबद्दल माणूस इतका बेफिकीर असतो आणि पाकिटाच्या कोपऱ्याला लागलेल्या शाईबद्दल मात्र हळहळतो.

सोमवारी मास्तरांनी मला शिक्षकांच्या खोलीत खिडकीपाशी नेलं. पापणी ओढली. मी "हं, ठीक"ची वाट बघत होतो. ते म्हणालेच नाहीत. दुसरा डोळा बघितला. जीभ उचलायला लावून जिभेखाली बघितलं.

"पाठक, घरी जा."

"पाचवा तास आहे माझा."

"तास मी घेतो. तुम्ही जा. चालत नको, टांगा करा."

भूगोलाच्या त्या तासाला मास्तरांनी मुलांकडून सोलापूर जिल्ह्याचा नकाशा काढून घेतला आणि सगळे तालुके पिवळ्याच्या अकरा छटांत रंगवून घेतले, असं मला पुढं कळलं.

सात रस्त्याच्या चौकात एक डॉक्टर होते. शांत, कमी बोलणारा माणूस. त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवून उजवीकडं दाबलं तेव्हा मी कळवळलो. त्यांनी इंदूला समोर बसवून समजावून सांगितलं. यकृत पित्त तयार करतं. ते नळीनं आतड्यात जातं, तूप-तेल पचवतं, मळाला रंग देतं. यांचं यकृत सुजलंय. त्यामुळं पित्त आतड्यात न जाता रक्तात शिरतंय. म्हणून डोळे पिवळे, लघवी मोहरीच्या तेलासारखी आणि मळ शाडूच्या मातीसारखा पांढरा. अंगाला खाज सुटेल. भूक लागणार नाही. तूप, तेल, तळण बंद. उसाचा रस, ग्लुकोज, मुगाचं पाणी, भात, ताक. आणि पडून राहायचं.

"औषध?" इंदूनं विचारलं.

"पडून राहणं हेच औषध. यकृत आपलं आपण सावरतं, बहुतेक वेळा."

'बहुतेक वेळा' हे शब्द इंदूनं ऐकले. तिचा थोरला भाऊ काविळीनंच गेला होता. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मास्तर आमच्या दारात. खांद्याला रंगांची पेटी, बगलेत जाड कागद. "साडेसात ते आठचा उजेड खरा असतो," ते म्हणाले. माझी खाट त्यांनी स्वतः ओढून पूर्वेच्या खिडकीखाली घेतली. माझ्या डोळ्यात बघत बशीत रंग कालवला, कागदाचा कोपरा माझ्या गालाला लावून ताडून बघितला आणि दोन बोटं रुंदीचा एक चौकोन रंगवला. खाली तिथी लिहिली. तसाच दुसरा चौकोन दुसऱ्या कागदावर. एक कागद खाटेशेजारच्या भिंतीला टाचला, दुसरा गुंडाळून घेतला.

"हा डॉक्टरांना," ते म्हणाले. "ते येतात दवाखाना आटोपून, कंदिलाच्या उजेडात. त्या उजेडात पिवळं दिसत नाही, सगळंच पिवळं असतं. त्यांनी बघायचं कशानं?"

डॉक्टरांनी आधी भुवया उंचावल्या. तिसऱ्या दिवशी कागद दवाखान्यात उशिरा पोचला तर त्यांनी माणूस पाठवून मागवून घेतला.

अशी आमची रोजची सकाळ ठरली. मास्तर येत, इंदू खिडकीशी उभी राही, मी डोळे ताणून पडे. पहिला आठवडा चौकोन गडद होत गेले, आणि मास्तर ते तसेच तिच्यासमोर रंगवत. "आज कालच्यापेक्षा एक पाऊल पुढं," ते सांगत. इंदू मान हलवी. अंगाला अशी खाज सुटली की मी खाटेच्या नवारीवर पाठ घाशी. सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त येई आणि लवकर थांबत नसे. डॉक्टर म्हणाले, रक्त गोठवणारा माल तयार करणारा कारखानाही यकृतच. तो आजारी पडला की असं होतं. मला नवल वाटलं. पस्तीस वर्षं हा अवयव मी उजव्या कुशीत बाळगला आणि त्यानं इतकी कामं अंगावर घेतली आहेत याचा पत्ताच नव्हता.

मग मला झोप येऊ लागली. दिवसभर गुंगी. डॉक्टर आल्यावर मला भूगोलाचे प्रश्न विचारत. मला वाटे, बिचारे करमणूक करतायत. एकदा त्यांनी विचारलं, "पाठक, सीना भीमेला कुठं मिळते?"

"वेळापूरला," मी ठामपणानं सांगितलं.

जिल्ह्यातलं शेंबडं पोरही असं सांगणार नाही. सीना वेळापूरच्या बाजूला फिरकतसुद्धा नाही. मी मात्र उत्तर बरोबर आलं म्हणून समाधानानं डोळे मिटले. यकृत बिघडलं की त्याचा ताप डोक्यापर्यंत पोचतो, आणि डॉक्टर तेवढंच तपासत होते, हे मला नंतर समजलं. त्या वेळी त्यांनी इंदूला बाहेर बोलावलं आणि यांच्याशी सारखं बोलत राहा, असं सांगितलं.

त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. एवढं आठवतं की भिंतीवरचे चौकोन फिके होत होते. दुसऱ्या आठवड्याच्या मध्यापासून रोज थोडा थोडा उतार. मास्तर कागदाकडं बोट दाखवून म्हणत, "नोडप्पा, उतरायला लागलंय." नोडप्पा म्हणजे बघा हो. गुंगीतसुद्धा मी बघायचो आणि मला बरं वाटायचं. इंदूही बघायची. "हो, फिकं आहे खरं," म्हणायची आणि मास्तरांपुढं चहा ठेवायची.

पुढं खरोखरच उतार पडला. एके सकाळी मला फोडणीचा वास आला आणि मी उठून गेलो नाही. उलट विचारलं, कसली आहे? इंदू हातातला झारा तसाच धरून दारात आली आणि माझ्याकडं बघत राहिली. डोळे निवळले, खाज थांबली. महिन्यानं मी काठी टेकत गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. मास्तरांनी शेवटचा चौकोन रंगवला तो जवळजवळ कोराच होता. त्यात थोडं निळं होतं.

शाळेत रुजू व्हायच्या आधी मी डॉक्टरांना भेटायला गेलो. त्यांनी कपाटातून मास्तरांचा कागद काढला. "हे तुमचं दप्तर. मी जपून ठेवणार आहे."

मी कागद हातात घेतला. पहिले दहा चौकोन ओळखीचे होते. अकराव्यापासून मात्र तो माझा कागद नव्हता. आमच्या भिंतीवर जिथं उतार होता तिथं इथं चढ होता. संत्र्याच्या सालीसारखा गडद पिवळा, त्यात हिरवट झाक. असे सलग नऊ चौकोन.

"त्या नऊ दिवसांत माझी आशा सुटत चालली होती," डॉक्टर म्हणाले. "विसाव्या दिवशी हा बघा, इथं पहिल्यांदा उतरला."

"आमच्या घरचा कागद तुम्ही बघितला होता?"

"बघत होतो की. पण कंदिलाच्या उजेडात. मला सगळे चौकोन सारखेच दिसायचे. का हो?"

"काही नाही, सहज," असं म्हणून मी निघालो.

रस्ताभर मला एकच दिसत होतं. संस्थेच्या कमिटीपुढं ज्या माणसानं दोन ठिपके पांढरे केले नाहीत, त्यानं माझ्या खाटेशेजारी बसून, माझ्या डोळ्यात बघत, नऊ दिवस खोटा रंग कालवला होता. आणि मग डॉक्टरांसाठी घरी जाऊन, आठवणीनं, खरा.

घरी येऊन मी इंदूला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं नाही.

"मला बाराव्या दिवशीच कळलं होतं," ती म्हणाली. "उशीचे अभ्रे मी धूत होते ना. त्यांच्यावरचे घामाचे पिवळे डाग कुठं फिके होत होते?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? त्या चौकोनासाठी ते तीन-तीनदा बशी पुसून रंग कालवायचे. पहिल्या आठवड्यात एकदाच कालवायचे." तिनं एक खडा काढून बाजूला ठेवला. "ते एवढं करत होते तर मीही म्हणायची, फिकं आहे. त्यांना तेवढंच बरं वाटत असेल."

रविवारी सकाळी इंदूनं दिलेली शेंगाचटणी आणि दही घेऊन मी मास्तरांच्या खोलीवर गेलो. शेजारी माग चालू होते, त्यांची खटखट भिंतीतून येत होती. मास्तर कुंचले धूत होते. मी म्हटलं, "डॉक्टरांनी कागद दाखवला."

त्यांचा हात थांबला. "वहिनींना सांगितलंत?"

"नाही," मी म्हणालो. त्या कागदाच्या बाबतीत आता आम्ही तिघंही खोटं बोललो होतो.

"बरं केलंत." त्यांनी कुंचला पिळला. पाणी बशीत पडत राहिलं. मग ते बोलू लागले. "गिरिजेला झाली होती. माझ्या बायकोला. मैंदर्गीत. मी मुंबईहून नुकताच परीक्षा देऊन आलो होतो. नजर अगदी ताजी. ती रोज सकाळी विचारायची, आज रंग कसा आहे हो? मी तिला दारात, उजेडात आणून बघायचो आणि सांगायचो. काल हळदीचा होता, आज हरताळ. अगदी बरोबर सांगायचो. सहाव्या दिवशी म्हणालो, आज पुष्कळ वाढलाय. ती बरं म्हणाली. सातव्या दिवशी तिनं विचारलं नाही. त्यानंतर विचारलंच नाही."

शेजारचा माग थांबला होता. कुणीतरी तेलुगूत कुणाला तरी हाक मारली आणि माग पुन्हा चालू झाला.

"पंचवीस वर्षांचा होतो, पाठक," मास्तर म्हणाले. "मला वाटायचं, ती रंगच विचारतेय."

मी चटणीची वाटी पुढं सरकवली. आम्ही चहा घेतला. जाताना मी त्यांना पुढच्या रविवारी आमच्याकडं जेवायला या, असं सांगितलं. इंदूचा निरोप आहे म्हणून सांगितलं. तिनं तो दिला नव्हता, पण दिला असता.

घरी मी सगळं इंदूला सांगितलं. ती ऐकून आत गेली आणि पुष्कळ वेळ भांडी लावत राहिली.

पुढच्या रविवारी मास्तर आले. धुतलेला सदरा, टोपी. दारातच त्यांनी माझा दंड धरला, डोळे बघितले, मग पाटावर बसले. इंदूनं शेंगापोळी केली होती. माझ्या पानात अजून तूप नव्हतं, त्यांच्या पानात तिनं वाढलं. ते एक घास खाऊन छान झालीय म्हणाले. इंदू समोर बसली आणि सहज विचारावं तसं तिनं विचारलं,

"मास्तर, तुमच्याकडं कानडी पद्धत वेगळी असेल. गिरिजावहिनी गूळ किती घालायच्या हो?"

मास्तरांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी पानात बघत होतो. त्यांनी घास खाली ठेवला.

"कमी," ते म्हणाले. "तिला कमी गोड आवडायचं. पण माझ्या वाटणीच्या पोळ्या ती वेगळ्या करायची. आणि लाटताना गुणगुणायची काहीतरी. काय ते मला कधी समजलं नाही, तिच्या माहेरचं होतं." मग ते पोळी कडेनं कशी दाबायची ते हातानं दाखवू लागले, तव्यावर किती वेळ ठेवायची ते सांगू लागले, आणि पहिल्या वर्षी तिच्या तीन पोळ्या कशा फुटल्या ते सांगताना स्वतःच हसू लागले. गिरिजेचा विषय त्यांच्याकडं इतक्या वर्षांत कुणी काढलाच नव्हता. पोळी गार झाली. इंदूनं ती उचलून दुसरी गरम वाढली, आणि मास्तर बोलत राहिले.